पॉवरपॉइंटमधले आयकॉन आपल्या कंपनीच्या रंगात आणायचे तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाडकडची तुमची शेतकरी उत्पादक कंपनी, द्राक्ष आणि कांदा दोन्ही, बँकेसमोर प्रेझेंटेशन आहे, लोगोत गर्द जांभळा आणि पोपटी आहे आणि तेच रंग आयकॉनला पाहिजेत. पण काही आयकॉनवर रंग चढतो, काहींवर चढतच नाही, ट्रकच्या आयकॉनला फिल, म्हणजे आत भरायचा रंग, दिलं तर त्याचा नुसता ठोकळा झाला. प्रोजेक्टरवर लावलं तर जांभळा काळा दिसतो आणि पोपटी गायब. वर कांदा चाळीचा, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडचा, आयकॉन कुठेच सापडत नाही. मी नाशिकात कॅनडा कॉर्नरजवळ बसून १४ वर्षं हेच काम करतोय, सातपूर-अंबडच्या कारखानदारांची, बागायतदारांची, डॉक्टर लोकांची प्रेझेंटेशनं, आणि या सगळ्या अडचणी माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी घेऊन येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आयकॉन कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. आयकॉनवर एकदा क्लिक करा आणि वरच्या पट्टीत शेवटी कोणता टॅब उघडतो ते बघा. ग्राफिक्स फॉरमॅट आला तर तो एसव्हीजी आहे, म्हणजे रेषा आणि आकार गणितात साठवलेले, कितीही मोठा करा फाटत नाही आणि रंग सरळ बदलतो. शेप फॉरमॅट आला तर तो पॉवरपॉइंटचाच आकार आहे, उत्तम. आणि पिक्चर फॉरमॅट आला तर तो फोटो आहे, पीएनजी किंवा जेपीजी, त्याला फिल दिलं की रंग आयकॉनच्या मागे जातो, आयकॉन आहे तसाच काळा. गूगलवर शोधून इमेज कॉपी-पेस्ट केलेले सगळे आयकॉन या तिसऱ्या जातीचे असतात, तुमचे रंग न चढणारे तेच असणार, माझी खात्री आहे.

पीएनजीला रंग देता येतच नाही असं नाही. पिक्चर फॉरमॅटमध्ये कलर, त्यात रीकलर, तिथे थीमच्या, म्हणजे पूर्ण फाइलसाठी ठरवलेल्या संचातल्या, रंगांचे डार्क आणि लाइट असे नमुने दिसतात. काळ्या आयकॉनला लाइटवाला नमुना लावला की काळ्याच्या जागी त्या रंगाची गडद छटा येते, पण नेमका तुमचा रंग येत नाही, जवळपासचा येतो. एक गोष्ट मात्र यातून छान होते, पारदर्शक पीएनजीला करेक्शन्समध्ये ब्राइटनेस पूर्ण १०० टक्के केला की आयकॉन पांढरा शुभ्र होतो, गडद पट्टीवर ठेवायला चालतो. पण बँकेला दाखवायचंय तर असली जुळवाजुळव करत बसू नका, एसव्हीजीच मिळवा. पॉवरपॉइंट २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर इन्सर्टमध्ये आयकॉन्स म्हणून बटण आहेच, तिथले सगळे रंगवता येतात. बाहेरून घ्यायचे तर गूगलचे मटेरियल आयकॉन, टॅबलर, बूटस्ट्रॅप आयकॉन हे मोकळ्या लायसन्सचे आहेत, कंपनीच्या कामाला बिनधास्त वापरा, डाउनलोड करताना फक्त एसव्हीजी निवडा. एखादा आयकॉन फक्त पीएनजीतच असेल आणि तोच पाहिजे असेल तर इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रेस बिटमॅप करून एसव्हीजी बनवता येतो, काळा-पांढरा साधा आयकॉन असेल तर दोन मिनिटांचं काम.

आता ट्रकचा ठोकळा का झाला. एसव्हीजीमध्ये पण दोन प्रकार असतात, भरीव आणि रेघांचा. भरीव आयकॉनमध्ये जो काळा भाग दिसतो तो आकार असतो, त्याला ग्राफिक्स फिल लागतं. रेघांच्या आयकॉनमध्ये, टॅबलरचे बहुतेक असेच आहेत, दिसते ती फक्त कडेची रेघ, आत काहीच भरलेलं नसतं. त्याला तुम्ही फिल दिलं की पोकळी भरते आणि चाकं, खिडकी, केबिन सगळं एकाच रंगात बुडतं. म्हणजे आयकॉन बिघडलेला नव्हता, नळ चुकीचा उघडला. कंट्रोल झेड करा, फिलला नो फिल ठेवा आणि रंग ग्राफिक्स आउटलाइनमधून द्या. तिथेच वेट पण मिळेल, रेघेची जाडी.

या जाडीतच अजून एक मेख आहे, ती मला बऱ्याच उशिरा कळली. रेघांच्या आयकॉनला कन्व्हर्ट टू शेप केलं, म्हणजे एसव्हीजीचे पॉवरपॉइंटचे साधे आकार केले, की रेघेची जाडी पॉइंटमध्ये पक्की होते. मग आयकॉन लहान केला तरी रेघ तेवढीच जाड राहते, लहान आयकॉन गुटगुटीत दिसतो आणि मोठा केला की काटकुळा. एकाच स्लाइडवर सहा आयकॉन वेगवेगळ्या जाडीचे दिसतात आणि समोरच्याला कळत नाही काय खटकतंय, पण खटकतं. म्हणून आधी सगळ्या आयकॉनचं माप एक करून घ्या, उंची सारखी टाका, मग कन्व्हर्ट करा आणि मग सगळे एकदम निवडून जाडी एकच द्या. आणि भरीव आणि रेघांचे एकत्र मिसळू नका. तुमच्या पाठवलेल्या स्लाइडमध्ये द्राक्षाचा घड भरीव आहे, कोल्ड स्टोरेज रेघांचं आहे आणि रुपयाचं चिन्ह सावलीसकट आहे, रंग कितीही जुळवले तरी ते तिघे एका घरचे वाटणार नाहीत. एक जात ठरवा. प्रोजेक्टरसाठी मी भरीव घेतो, लांबून चांगलं दिसतं.

कन्व्हर्ट टू शेप कधी करायचं, तर जेव्हा एकाच आयकॉनमध्ये दोन रंग पाहिजेत. म्हणजे द्राक्षाच्या घडात मणी जांभळे आणि पान हिरवं. नुसत्या एसव्हीजीला ग्राफिक्स फिल दिलं की पूर्ण आयकॉन एका रंगाचा होतो. कन्व्हर्ट केलं की त्याचे तुकड्यांचे शेप होतात, ग्रुपमध्येच राहतात, ग्रुप न सोडता नुसतं पानावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की फक्त पान निवडलं जातं, तिथे रंग द्या. कधी कधी पान आणि मणी एकच तुकडा निघतो, कारण बनवणाऱ्याने तसंच काढलेलं असतं, मग दुसरा आयकॉन शोधणं सोपं. आणि कन्व्हर्ट करायच्या आधी मूळ आयकॉनची एक कॉपी शेवटच्या लपवलेल्या स्लाइडवर ठेवा. एसव्हीजी असेपर्यंत राइट क्लिकवर चेंज ग्राफिक मिळतं, माप आणि जागा तीच ठेवून नुसता आयकॉन बदलता येतो, कन्व्हर्ट केल्यावर ती सोय जाते.

आता मुख्य गोष्ट, बाकी विसरलात तरी चालेल पण ही धरून ठेवा. आयकॉनला रंग हाताने द्यायचा नाही, रंग थीममध्ये भरायचा आणि आयकॉनला फक्त सांगायचं की थीमचा अमुक नंबरचा रंग घे. बहुतेक लोक काय करतात, आयड्रॉपर, म्हणजे स्क्रीनवरचा रंग उचलायचं साधन, घेतात, लोगोवर टेकवतात, आयकॉनला रंग लागतो, खूश. पण आयड्रॉपरने लागलेला रंग हा नुसता आकडा असतो, त्याचा थीमशी काही संबंध नसतो. उद्या लोगोचा जांभळा थोडा उजळ करायचं ठरलं की चाळीस स्लाइडवरचा एकेक आयकॉन हुडकून पुन्हा रंगवा.

माझ्यावर ही वेळ आली होती म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. अंबडमधल्या एका कारखान्याचं काम होतं, ३८ स्लाइड, प्रत्येकीवर पाच-सहा आयकॉन, सगळे मी हाताने निळे केलेले. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मालकांचा फोन, परदेशातल्या भागीदाराने रंग बदललाय, आता निळा नको मोरपंखी पाहिजे. त्या रात्री मी पहाटे साडेचारपर्यंत आयकॉन रंगवत बसलो आणि तरी तीन राहिलेच, एक अजेंड्याच्या स्लाइडवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मालक काही बोलले नाहीत, पण मला ते तीन निळे आयकॉन आजही दिसतात. त्यानंतर मी एकाही फाइलमध्ये हाताने रंग दिलेला नाही.

करायचं असं. डिझाइन टॅबमध्ये व्हेरियंट्सची चौकट आहे, तिच्या खालच्या बाणावर क्लिक करा, कलर्स, मग तळाला कस्टमाइझ कलर्स. तिथे १२ जागा दिसतील, चार अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या, सहा अ‍ॅक्सेंट, दोन लिंकच्या. तुमच्यासाठी मी अ‍ॅक्सेंट एकला जांभळा, दोनला गडद हिरवा, तीनला पोपटी, चारला कांद्याच्या सालीचा लालसर गुलाबी आणि पाचला राखाडी ठेवीन. सहावा तसाच राहू द्या. नाव देऊन सेव्ह करा. आता आयकॉन निवडून ग्राफिक्स फिल उघडलं की वरच्या रांगेत हेच रंग येतील आणि प्रत्येकाच्या खाली त्याच्याच फिक्या-गडद पाच छटा, ८०, ६०, ४० टक्के फिकट आणि २५, ५० टक्के गडद. या छटा पण थीमला बांधलेल्या असतात, मूळ रंग बदलला की त्या आपोआप बदलतात. रंग फक्त या चौकटीतूनच घ्यायचा, खालच्या स्टँडर्ड कलर्समधून नाही, मोअर कलर्समधून नाही.

आयड्रॉपर कशाला वापरायचा मग, तर लोगोचा आकडा वाचायला. एक साधा चौकोन काढा, आयड्रॉपरने लोगोचा रंग त्यात घ्या, मग मोअर फिल कलर्स, कस्टम, तिथे लाल हिरवा निळा असे तीन आकडे दिसतील, ते कागदावर लिहा आणि थीममध्ये टाका. पण लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर तो दाबून बारीक झालेला असतो, एकाच जांभळ्यात चार ठिकाणी चार आकडे येतात. ज्यांच्याकडे व्हिजिटिंग कार्ड छापलीत त्यांच्याकडे कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची मूळ फाइल बहुधा असणार, त्यांना एसव्हीजी एक्स्पोर्ट करून मागा. फक्त एवढं लक्षात ठेवा की छपाईचे रंग शाईच्या हिशोबाचे असतात आणि स्क्रीनचे प्रकाशाच्या, त्यामुळे कार्डावरचा जांभळा आणि स्क्रीनवरचा तंतोतंत एक येणार नाही, डोळ्याला पटेल तो एकदा ठरवा आणि मग तोच कायम ठेवा.

सगळं झाल्यावर माझी एक तपासणी असते. व्हेरियंट्समधून कलर्समध्ये जाऊन एखादा भलताच संच लावतो, सगळं नारिंगी-लाल होईल असा. मग स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या स्लाइड एकदम बघतो. जो आयकॉन बदलला नाही, जांभळाच राहिला, तो हाताने रंगवलेला आहे, म्हणजे पकडला गेला. त्यांना थीमचा रंग देतो आणि कंट्रोल झेड करत मागे येण्यापेक्षा पुन्हा आपलाच संच निवडतो. चाळीस स्लाइडची तपासणी दोन मिनिटांत होते.

प्रोजेक्टरचं दुखणं वेगळं आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो, जिथे काळं पाहिजे तिथे प्रकाश कमी टाकतो इतकंच. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, पडदा मळका, की गर्द जांभळ्यातला जांभळेपणा मरतो आणि उरतो तो काळपट डाग. आणि पोपटी पांढऱ्यावर गायब होतो कारण दोघेही उजळच आहेत. याचं माप असतं, कॉन्ट्रास्ट रेशो म्हणतात, वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजीचे नियम आहेत त्यात चिन्हं आणि आयकॉनसाठी किमान ३ आणि साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ धरलंय. ते नियम वेबसाइटचे असले तरी मी स्लाइडला पण तेच लावतो. लाल १५४, हिरवा २०५, निळा ५० असा पोपटी पांढऱ्यावर ठेवला तर रेशो २ सुद्धा भरत नाही. तोच हिरवा लाल ७५, हिरवा १२०, निळा ३० असा गडद केला की ५ च्या वर जातो आणि तरी द्राक्षाच्या पानासारखाच दिसतो. म्हणून वर मी दोन हिरवे सांगितले, आयकॉनला गडद आणि पोपटी फक्त मागच्या गोलाला किंवा पट्टीला. पोपटी गोल, त्यावर जांभळा आयकॉन, हे तुमच्या लोगोसारखंच होईल. जांभळा मात्र थोडा उजळ करा, लाल १२२, हिरवा ६०, निळा १५० च्या आसपास, लॅपटॉपवर जरा जास्तच वाटेल पण पडद्यावर बरोबर बसतो.

आणि दर वाढला-पडला दाखवायला लाल बाण आणि हिरवा बाण वापरलाय तुम्ही, तिथे फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक असतात, पुरुषांमध्ये तर जास्त, आणि बँकेच्या टेबलापलीकडे बहुतेक पुरुषच बसलेले असतील. बाण वर-खाली आहेत ते चांगलंच, पण लासलगावच्या भावाच्या तक्त्यात तुम्ही नुसते रंगीत ठिपके ठेवलेत, तिथे पण बाण टाका.

आता कांदा चाळ. मलाही कुठल्या संग्रहात मिळाली नाही, गोदामाचा आयकॉन मिळतो पण आपल्याकडचा माणूस गोदाम आणि चाळ यात फरक करतोच, चाळीला हवा पाहिजे. म्हणून बनवायची. इन्सर्ट शेप्समधून एक आडवा आयत काढा, ती भिंत. त्याच्यावर एक उभा बारीक आयत, ती फट. ही फट कंट्रोल डीने कॉपी करत सहा-सात करा, सगळ्या निवडून अलाइनमधून डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली, म्हणजे अंतर सारखं. आता आधी भिंतीवर क्लिक, मग शिफ्ट धरून एकेक फट, शेप फॉरमॅटमध्ये मर्ज शेप्स, सबट्रॅक्ट. क्रम महत्त्वाचा, जो आधी निवडला तो राहतो आणि बाकीचे त्यातून कापले जातात, रंगही आधीच्याचाच लागतो. उलटं निवडलं तर चाळच गायब होते. कापलेल्या फटी खऱ्या आरपार असतात, मागचा पोपटी गोल त्यातून दिसतो आणि चाळीत हवा खेळतेय असं खरंच वाटतं. वर त्रिकोणाचं छप्पर, भिंतीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडं बाहेर, खाली चार छोटे चौकोन पाय म्हणून कारण चाळ जमिनीपासून उचललेली असते. भिंत, छप्पर, पाय निवडून युनियन. झाला आयकॉन. छप्पर आणि भिंतीत एक बारीक मोकळी रेघ सोडलीत तर लहान मापातही घर वाटणार नाही, चाळच वाटेल.

कांद्यासाठी बेसिक शेप्समध्ये टीअरड्रॉप आहे, त्याचं टोक उजवीकडे वर असतं, रोटेशन ३१५ केलं की टोक सरळ वर येतं, कांदा तयार. त्यावर मून शेपच्या दोन बारीक कोरी ठेवून त्या सबट्रॅक्ट करा, सालीच्या रेषा उमटतात. आणि मर्ज शेप्स फिकट दिसत असेल, दाबताच येत नसेल, तर काहीतरी ग्रुपमध्ये आहे, कंट्रोल शिफ्ट जी करून आधी ग्रुप सोडा.

बँकेत घेऊन जाताना दोन गोष्टी. त्यांच्या मशीनवर जुनं ऑफिस असेल तर एसव्हीजीच्या जागी पॉवरपॉइंटने फाइलमध्येच ठेवलेला पीएनजी दिसतो, दिसायला तोच पण रंग बदलता येत नाही, म्हणून शेवटचे फेरफार तुमच्याच लॅपटॉपवर उरकून घ्या. आयकॉनमध्ये मराठी अक्षरं असतील, उदाहरणार्थ पाटीवर कांदा असं लिहिलेलं, तर इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ करून मगच आणा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे होतं. आणि त्यांनी तुमच्या दोन स्लाइड त्यांच्या फाइलमध्ये घ्यायच्या म्हटल्या तर पेस्ट करताना कीप सोर्स फॉरमॅटिंग निवडायला सांगा. नुसतं पेस्ट केलं की आपले आयकॉन त्यांच्या थीमचे रंग घेतात, थीमला बांधल्याचा तो एक तोटा आहे, बाकी फायदेच. सोबत पेनड्राइव्हवर पीडीएफ ठेवा, त्यात रंग आणि आकार दोन्ही जागच्या जागी राहतात.

चाळीचा आयकॉन जमला नाही तर कुठल्या पायरीवर अडलं तेवढं लिहा, बहुतेक वेळा निवडायचा क्रमच उलटा झालेला असतो.